ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक महिला बास्केटबॉलपटूंची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातील महिला बास्केटबॉलविषयी वाचक, आणि त्यातही मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे स्थायिक झालेले मराठी पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑस्ट्रेलियात महिलांची सर्वोच्च बास्केटबॉल लीग कोणती?

विमेन्स नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजेच डब्ल्यूएनबीएल. ती १९८१ साली सुरू झाली. डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम १९९७ सालचा. म्हणजे नावावरून नक्कल वाटणारी ऑस्ट्रेलियन लीग प्रत्यक्षात सोळा वर्षांनी थोरली आहे. सर्वाधिक, म्हणजे नऊ, विजेतेपदे कॅनबेरा कॅपिटल्सच्या नावावर आहेत. टाउन्सव्हिल फायर, बेंडिगो स्पिरिट, पर्थ लिंक्स, अॅडलेड लाइटनिंग, सिडनी फ्लेम्स आणि मेलबर्नच्या परिसरातील साउथसाइड फ्लायर्स हे इतर परिचित संघ होत. बेंडिगो आणि टाउन्सव्हिल ही मोठी महानगरे नव्हेत, तरी तेथील संघांनी लीग जिंकलेली आहे आणि तेथील प्रेक्षकांना आपल्या खेळाडू बाजारात, शाळेत भेटतात. या लीगचे वेगळेपण समजून घ्यायचे तर महानगरांपेक्षा या गावांकडे पाहावे.

लीगचा कारभार दीर्घकाळ बास्केटबॉल ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संघटनेकडे होता. २०२४ साली रॉबिन डेनहोम यांच्या नेतृत्वाखालील वोलेमी कॅपिटल हा गुंतवणूकदार गट आणि पुरुषांची लीग चालवणारी एनबीएल यांनी ती ताब्यात घेण्याचा करार केला.

२. ही लीग वर्षभर चालत नाही. मग खेळाडू उरलेले महिने काय करतात?

ऑस्ट्रेलियन महिला खेळाडूची कारकीर्द समजून घेण्याची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून थोडे सविस्तर. डब्ल्यूएनबीएलचा हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास संपतो. त्यानंतर खेळाडूंच्या वाटा फुटतात. मोजक्या जणी मे महिन्यात सुरू होणाऱ्या डब्ल्यूएनबीएसाठी अमेरिकेला जातात. मोठा गट एनबीएल१ या अर्ध-व्यावसायिक स्पर्धेत उतरतो; २०१९ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचे आता दक्षिण, उत्तर, पूर्व, पश्चिम आणि मध्य असे पाच विभाग असून तिचे सामने शरद आणि हिवाळ्यात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिल ते ऑगस्ट या काळात होतात. काही जणी युरोपातील किंवा आशियातील क्लबांशी करार करतात, मात्र तेथील हंगाम डब्ल्यूएनबीएलच्या महिन्यांतच येत असल्याने त्यासाठी घरच्या लीगवर पाणी सोडावे लागते.

या सर्वांत राष्ट्रीय संघाची शिबिरे आणि स्पर्धा मिळेल त्या फटीत बसवाव्या लागतात. परिणामी आघाडीच्या खेळाडूला सलग विश्रांती अशी मिळतच नाही. ऑक्टोबरात टाउन्सव्हिलच्या दमट उकाड्यात सराव, फेब्रुवारीत अंतिम सामने, एप्रिलअखेर अमेरिकेत सराव शिबिर, सप्टेंबरपर्यंत तेथील सामने आणि परतीच्या विमानातून उतरल्यावर आठवड्याभरात पुन्हा ऑस्ट्रेलियन क्लबच्या जर्सीत, असे वर्ष अनेकींनी वर्षानुवर्षे काढले आहे. या खेळाडूंची कारकीर्द ही एक नोकरी नसून जोडून घेतलेल्या तीन-चार नोकऱ्या असतात, असेच म्हणावे लागेल.

३. फक्त डब्ल्यूएनबीएलच्या मानधनावर घर चालते का?

आघाडीच्या काही खेळाडूंचे चालते. संघातील शेवटच्या तीन-चार जणींचे बहुधा चालत नाही. लीगमध्ये किमान मानधन प्रथमच ठरले ते २०१७ साली, आणि ते होते एका हंगामासाठी ७,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पूर्णवेळ कामगाराचे किमान वेतन आठवड्याला ६९४.९० डॉलर होते, म्हणजे देशातील सर्वोच्च लीगमधील नवख्या खेळाडूचे हंगामाचे मानधन सामान्य कामगाराच्या अकरा आठवड्यांच्या वेतनाइतकेही भरत नव्हते. त्यानंतर ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढली. तरीही हे स्पष्ट म्हटले पाहिजे, की ज्या लीगने ऑलिंपिक पदके मिळवणाऱ्या पिढ्या घडवल्या तिने छत्तीस वर्षे आपल्या सर्वांत तळाच्या खेळाडूसाठी कोणतीही हमी ठेवली नव्हती, आणि याचे समर्थन करता येत नाही.

त्यामुळे शिक्षण, नर्सिंग, फिजिओथेरपी, शाळांमधील प्रशिक्षण किंवा क्लबच्याच कार्यालयातील काम अशी दुसरी कमाई अनेकींना ठेवावी लागते. सकाळी सराव, दुपारी नोकरी किंवा व्याख्याने, संध्याकाळी पुन्हा सराव हा दिनक्रम हौशी खेळाडूचा वाटला तरी तो व्यावसायिक करारावरील खेळाडूचा असतो.

४. अमेरिकेत पैसे जास्त आहेत, तर सगळ्या तिकडेच का जात नाहीत?

कारण जागाच नाहीत. २०२४ पर्यंत डब्ल्यूएनबीएमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू, म्हणजे साऱ्या जगासाठी १४४ जागा. २०२५ साली गोल्डन स्टेट व्हाल्किरीज हा तेरावा संघ आल्यावर त्यात थोडी भर पडली. २०२४ साली तेथील किमान वार्षिक मानधन ६४,१५४ अमेरिकन डॉलर होते. त्यामुळे ओढ स्वाभाविक आहे, पण दार अरुंद आहे.

ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी त्या दारातून सुरुवातीपासून प्रवेश मिळवला. मिशेल टिम्स १९९७ च्या पहिल्याच हंगामात फिनिक्स मर्क्युरीकडून खेळली. पेनी टेलरने त्याच संघासोबत २००७, २००९ आणि २०१४ अशी तीन विजेतेपदे मिळवली. लॉरेन जॅक्सन सिएटल स्टॉर्मकडून २००३, २००७ आणि २०१० अशी तीनदा लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. अलीकडे मिनेसोटा लिंक्सच्या अलाना स्मिथने २०२५ साली सर्वोत्तम बचावपटूचा मान अ'जा विल्सनबरोबर विभागून मिळवला.

डब्ल्यूएनबीएने २०२३ पासून लागू केलेल्या नियमानुसार परदेशी लीगमध्ये अडकून शिबिराला उशिरा येणाऱ्या खेळाडूंवर कारवाई होऊ लागली. युरोपातील हंगाम वसंतापर्यंत लांबतो, डब्ल्यूएनबीएल मात्र त्याआधीच संपते. त्यामुळे अमेरिकेत करार असलेल्या खेळाडूला, ऑस्ट्रेलियन असो वा नसो, अमेरिकेतील हिवाळ्याचे महिने ऑस्ट्रेलियात घालवणे सोयीचे ठरते.

५. युरोप आणि आशियातील क्लबांचे काय?

मोठ्या रकमेचे करार अनेक वर्षे तेथेच होते. जॅक्सन दक्षिण कोरिया, रशिया आणि चीनमध्ये खेळली. पेनी टेलर इटली आणि तुर्कस्तानात खेळली. वेळापत्रकातील अडचण प्रश्न २ मध्ये सांगितली आहे.

६. मुलीची सुरुवात नेमकी कुठून होते? आमची मुलगी आठ वर्षांची आहे.

लहान मुलांसाठी ऑसी हूप्स हा देशभर चालणारा प्राथमिक उपक्रम आहे. त्यानंतर परिसरातील असोसिएशनची स्थानिक स्पर्धा, जिला तिकडे सरसकट ‘डोमेस्टिक’ म्हणतात. मेलबर्नमध्ये हे सामने बहुतेक शनिवारी होतात. त्यातून निवड चाचणी देऊन मुलगी असोसिएशनच्या प्रातिनिधिक संघात, म्हणजे ‘रेप’मध्ये, जाते, आणि मग घरातील शुक्रवारची संध्याकाळ कायमची बदलते, कारण व्हिक्टोरियाच्या कनिष्ठ लीगचे सामने शुक्रवारी रात्री असतात आणि पाहुण्या संघाचे स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. पालकांनी पेट्रोल, गणवेश आणि शुल्क यांचा हिशेब आधीच करावा. मुलगी खेळाडू होवो वा न होवो, हा खर्च मात्र नक्की होतो.

पुढचा टप्पा राज्य संघाचा, सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धांचा. तेथे चमकलेल्या मोजक्या मुलींना कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट येथील सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये निवासी शिष्यवृत्ती मिळते. या संस्थेचा किशोरवयीन मुलींचा संघ एके काळी थेट डब्ल्यूएनबीएलमध्ये खेळत असे, आणि जॅक्सन त्या संघात असताना १९९८-९९ चा हंगाम त्यांनी चक्क जिंकला. शाळकरी वयाच्या मुलींनी देशाची सर्वोच्च लीग जिंकावी, असे उदाहरण अन्य खेळांत सहसा सापडत नाही.

उंची कमी असेल तर आशा सोडू नये. अनेकजणी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या आणि सहसा कमी उंचीच्या खेळाडू, म्हणून पुढे आल्या आहेत.

७. अमेरिकन कॉलेजात जावे की सतराव्या-अठराव्या वर्षी थेट डब्ल्यूएनबीएलमध्ये उतरावे?

दोन्ही वाटांनी मोठ्या खेळाडू घडल्या आहेत. जॅक्सन आणि एझी मॅगबेगोर कॉलेजात न जाता घरच्या लीगमधून अमेरिकेत पोहोचल्या. अलाना स्मिथ स्टॅनफर्डमध्ये शिकली; बॅलारॅटची जॉर्जिया अमूर आधी व्हर्जिनिया टेक आणि नंतर केंटकीकडून खेळली. कॉलेजात पदवी, फिजिओ, भरलेली स्टेडियम आणि चार वर्षे स्थिर छप्पर मिळते. घरच्या लीगमध्ये मात्र अठराव्या वर्षीच तिशीतल्या, ऑलिंपिक खेळलेल्या बायकांशी धक्काबुक्की करावी लागते, आणि ते शिक्षण कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

पैशांच्या बाबतीत सावध राहावे. अमेरिकन कॉलेज क्रीडा नियमांमुळे पूर्वी मानधन घेतलेली खेळाडू अपात्र ठरू शकत असे, म्हणून कॉलेजचा विचार असलेल्या मुली डब्ल्यूएनबीएल संघात ‘डेव्हलपमेंट प्लेयर’ म्हणून विनामोबदला खेळत. आता तेथील खेळाडूंना प्रसिद्धी आणि जाहिरातींतून कमाईची मुभा आहे, परंतु विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी मुलीला अमेरिकेत राहून काम करण्यावर मर्यादा असतात. म्हणून संघातील अमेरिकन मैत्रीण जे कमावते तेच आपल्या मुलीला कमावता येईल, असे गृहीत धरू नये. कोणत्याही करारावर सही करण्याआधी त्या वर्षीचे नियम विद्यापीठाकडून लेखी मागवावेत.

८. ड्राफ्टसाठी, म्हणजे डब्ल्यूएनबीए संघ नव्या खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेसाठी, वयाची अट काय? काही जणींची निवड एकोणिसाव्या वर्षी होते, काहींची चोविसाव्या, असे का?

अमेरिकेबाहेर जन्मलेली आणि अमेरिकन कॉलेजात न खेळलेली खेळाडू ज्या वर्षी वीस वर्षे पूर्ण करते त्या वर्षी ड्राफ्टला पात्र ठरते. जॅक्सनला २००१ च्या एप्रिलमध्ये सिएटलने पहिल्या क्रमांकावर निवडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, कारण तिचा विसावा वाढदिवस त्याच मे महिन्यात होता. न्याडिव पुओचला २०२४ साली अटलांटा ड्रीमने बाराव्या क्रमांकावर घेतले तेही याच नियमाने.

कॉलेजात पाऊल ठेवताच मात्र अमेरिकन विद्यार्थिनींचा नियम लागू होतो, म्हणजे त्या वर्षी बावीस वर्षे पूर्ण होणे किंवा पदवीचा टप्पा गाठणे आवश्यक ठरते. पाच हंगाम कॉलेजात खेळलेल्या अमूरची निवड म्हणूनच २०२५ साली, वॉशिंग्टन मिस्टिक्सकडून सहाव्या क्रमांकावर झाली. पुओच आणि अमूर या दोघींचा पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचाच असला तरी नियम वेगळे लागू झाले.

९. ड्राफ्ट झाली म्हणजे नोकरी पक्की का?

नाही. ड्राफ्टमुळे त्या संघाला खेळाडूवर हक्क मिळतो, खेळाडूला जागा मिळत नाही. सराव शिबिरातून अनेक जणींना घरी पाठवले जाते, आणि परदेशी खेळाडूला काही वर्षे तिच्या देशातच राहू देऊन संघ फक्त हक्क राखून ठेवू शकतो.

१०. अमेरिकेत जन्मलेली खेळाडू ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघात कशी?

कॅलिफोर्नियात जन्मलेल्या सॅमी व्हिटकॉमचे उदाहरण घ्यावे. कॉलेजनंतर २०१० च्या ड्राफ्टमध्ये तिला कोणीच घेतले नाही. जर्मनीत खेळून ती पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या दक्षिणेकडील रॉकिंगहॅम फ्लेम्स या राज्यस्तरीय क्लबकडे आली. परदेशी खेळाडूला अशा क्लबात साधारणपणे राहायला घर, वापरायला गाडी आणि बेताचे पैसे मिळतात. बदल्यात सामन्यांखेरीज लहान मुलांना शिकवणेही आलेच. तेथून पर्थ लिंक्स, आणि तेथून २०१७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सिएटल स्टॉर्ममार्फत डब्ल्यूएनबीएत पदार्पण. २०१८ आणि २०२० साली तिने तेथील विजेतेपदही पाहिले. दरम्यान तिने ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतले आणि २०१८ च्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात ती होती.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमाची गोम अशी, की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेली एकच खेळाडू एका वेळी राष्ट्रीय संघात असू शकते. अमेरिकेत वाढलेली लीलानी मिचेल हीसुद्धा याच वर्गात मोडत असल्याने दोघींना एकत्र खेळता येणे शक्य नव्हते; टोकियो ऑलिंपिकला मिचेल गेली, पॅरिस ऑलिंपिकला व्हिटकॉम. याउलट एझी मॅगबेगोर न्यूझीलंडमध्ये जन्मली असली तरी लहानपणीच ऑस्ट्रेलियात आल्यामुळे तिला ही अट आडवी येत नाही.

११. राष्ट्रीय संघ, म्हणजे ओपल्स, याला कारकिर्दीत किती महत्त्व आहे?

पैशांच्या तुलनेत फार मोठे. अटलांटा १९९६ मध्ये कांस्य, सिडनी २०००, अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ मध्ये सलग रौप्य, लंडन २०१२ मध्ये कांस्य, त्यानंतर रिओ आणि टोकियोत उपांत्यपूर्व फेरीतच पराभव आणि पॅरिस २०२४ मध्ये बेल्जियमला ८५-८१ असे हरवून पुन्हा कांस्य. विश्वविजेतेपद एकदाच, २००६ साली ब्राझीलमध्ये. ऑलिंपिक सुवर्ण अजून नाही, आणि त्याचे कारण एका शब्दात सांगायचे तर अमेरिका.

वागणूक मात्र नेहमीच पदकांना साजेशी नव्हती. २०१२ साली लंडनला जाताना पुरुषांचा संघ बिझनेस क्लासने आणि महिलांचा संघ प्रीमियम इकॉनॉमीने गेला. तोपर्यंत ऑलिंपिक पदक एकदाही न मिळवलेल्या संघाला पाय पसरायला जागा आणि चार पदकांच्या संघाला नाही, यावर मोठा गदारोळ झाला आणि संघटनेला प्रवासाच्या धोरणाचा फेरविचार करावा लागला.

१२. मोठी दुखापत झाली तर कारकीर्द संपते का?

पूर्वीइतकी सहज नाही, पण वेळेचा फटका जबर असतो. ड्राफ्टनंतर काही दिवसांतच, पहिला सामना खेळण्याआधी, अमूरच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तिचा अमेरिकेतील पहिला हंगाम बुडाला. जॅक्सनलाही गुडघ्यामुळे २०१६ साली, चौतिसाव्या वर्षी, निवृत्ती घ्यावी लागली. वर्षभराच्या कराराच्या जगात दुखापत म्हणजे पुढच्या कराराची चिंता, म्हणून करारातील वैद्यकीय खर्च आणि उपचारकाळातील मानधन ही कलमे पगाराच्या आकड्याआधी वाचावीत.

१३. किती वयापर्यंत खेळता येते?

बहुतेक जणी तिशीच्या मध्यापर्यंत थांबतात, पण अपवाद ठळक आहेत. केली विल्सन चाळिशीत पोहोचली तेव्हा तिच्या नावावर डब्ल्यूएनबीएलचे चारशेहून अधिक सामने होते. जॅक्सनचे पुनरागमन तर वेगळेच प्रकरण आहे. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, दोन मुलांची आई असताना, ती ऑल्बरी-वोडोंगा बँडिट्स या आपल्या गावच्या संघाकडून एनबीएल१ मध्ये उतरली आणि त्याच वर्षी सिडनीतील विश्वचषकासाठी निवडली गेली. कॅनडाविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिने ३० गुण केले आणि ऑस्ट्रेलियाने तो ९५-६५ असा जिंकला. पॅरिसमध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तिला पाचवे ऑलिंपिक पदक मिळाले. याकडे नियम म्हणून कोणी पाहू नये.

१४. मूल झाल्यावर खेळाडूचे काय होते?

बराच काळ हा प्रश्न खेळाडूने स्वतःच सोडवायचा असे गृहीत होते. आपल्या भाचीचा सांभाळ करणाऱ्या अॅबी बिशपने २०१४ च्या जागतिक स्पर्धेतून माघार घेतली, कारण बाळाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीचा प्रवासखर्च तिने स्वतः करावा असे त्या वेळचे धोरण होते. या प्रकरणाची जाहीर चर्चा झाली आणि धोरणावर दबाव आला. अमेरिकेत २०२० च्या सामूहिक करारानंतर बाळंतपणाच्या रजेत पूर्ण मानधन मिळू लागले. ऑस्ट्रेलियात करार करताना गरोदरपणाविषयीचे कलम क्लबकडून स्पष्ट करून घ्यावे.

१५. बास्केटबॉल सोडून दुसऱ्या खेळात जाता येते का?

एरिन फिलिप्स हे याचे सर्वांत झळाळते उदाहरण. तिने २०१२ आणि २०१४ साली दोन वेगवेगळ्या संघांसोबत डब्ल्यूएनबीए जिंकली, आणि २०१७ साली महिलांची ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग सुरू होताच अॅडलेड क्रोजकडून पहिल्याच हंगामात विजेतेपद आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू असा दुहेरी मान मिळवला. २०१९ साली पुन्हा तेच केले. तिचे वडील याच फुटबॉलमधील नामांकित खेळाडू होते. लहानपणी मुलींसाठी ती वाट नसल्याने ती बास्केटबॉलकडे वळली होती.

१६. निवृत्तीनंतर कोणती कामे मिळतात?

प्रशिक्षण, समालोचन, क्लबचे व्यवस्थापन आणि शाळांमधील क्रीडा विभाग ही नेहमीची क्षेत्रे. प्रशिक्षणात सर्वांत दूर गेल्या त्या क्वीन्सलंडमधील मकाय येथील सँडी ब्रोंडेलो. खेळाडू म्हणून ऑलिंपिक पदके मिळवल्यावर त्यांनी प्रशिक्षक म्हणून फिनिक्सला २०१४ साली आणि न्यूयॉर्क लिबर्टीला २०२४ साली विजेतेपद मिळवून दिले, आणि पॅरिसच्या कांस्यपदकाच्या वेळी ओपल्सच्या प्रशिक्षकही त्याच होत्या. दुसऱ्या कमाईचा मुद्दा प्रश्न ३ मध्ये आला आहे; ज्यांनी खेळतानाच पदवी पूर्ण केली त्यांचे हे वळण तुलनेने सोपे जाते.

१७. भारतातील खेळाडूला ऑस्ट्रेलियात खेळण्याची संधी आहे का?

आहे, आणि ती वाट आधीच चालून झाली आहे. केरळची गीतू अॅना जोस मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्सकडून व्हिक्टोरियातील बिग व्ही या राज्यस्तरीय लीगमध्ये खेळली, आणि पुढे २०११ साली तिने डब्ल्यूएनबीए संघांच्या निवड चाचण्याही दिल्या. थेट डब्ल्यूएनबीएलची अपेक्षा ठेवणे अवघड आहे, कारण परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागा बहुधा अमेरिकन खेळाडूंकडे जातात. राज्यस्तरीय क्लब आणि एनबीएल१ मात्र अधिक मोकळे आहेत, आणि ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या मुलीने व्हिसाच्या अटी तपासून स्थानिक क्लबच्या चाचणीला जाणे ही सर्वांत व्यवहार्य सुरुवात ठरते.

ऑस्ट्रेलिया २०१७ पासून आशियाई गटात खेळू लागल्याने दोन्ही देशांतील अंतरही दिसू लागले आहे. त्या वर्षीचा आशिया चषक बेंगळुरूत झाला. ऑस्ट्रेलियाने वरच्या गटाच्या अंतिम सामन्यात जपानकडून ७४-७३ अशी हार पत्करली, तर भारताने खालचा गट जिंकून वरच्या गटात प्रवेश मिळवला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी पुढे भारतीय संघाचे नेतृत्व केले. महाराष्ट्रातील ज्या मुली आज जिल्हा आणि राज्य संघांत आहेत त्यांनी ऑस्ट्रेलियन क्लबांशी संपर्क साधताना पूर्ण सामन्यांचे चित्रण पाठवावे. निवडक क्षणांच्या चित्रफितीवरून बचावातील हालचाल कळत नाही, आणि तेथील प्रशिक्षक आधी तीच पाहतात.